थांबलेलं रक्त

रात्री वॉर्डातून येणाऱ्या फोनमध्ये मला सगळ्यात जास्त धास्ती एका वाक्याची वाटते. 'मॅडम, ट्रॅकमधून थोडं रक्त आलं होतं, पण आता थांबलंय.' सांगणाऱ्या रेसिडेंटच्या आवाजात सुटल्याचा भाव असतो. माझ्या मनात मात्र त्याच क्षणी प्रश्नांची रांग लागते: ट्रॅकिओस्टॉमी होऊन किती दिवस झाले? नळीला कफ, म्हणजे हवेने फुगवायचा फुगा, आहे का? मूल मान मागे ताणतं का? ब्लड बँकेत रक्त आहे का? वाहणाऱ्या रक्ताकडे कुणी दुर्लक्ष करत नाही. थांबलेल्या रक्ताकडे पाहून मात्र हुशार, मेहनती माणसंही निश्चिंत होतात, आणि पुढचे काही तास हातचे जातात.

मी कान-नाक-घशाची सर्जन आहे आणि माझं बरंचसं काम लहान मुलांच्या श्वासमार्गाचं आहे. गळ्याला पुढून छेद देऊन श्वासनलिकेत नळी बसवायची, ही ट्रॅकिओस्टॉमी. एके काळी ती मुख्यतः घटसर्पाने घुसमटणाऱ्या मुलांसाठी होत असे. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या त्रूसोने ती रुळवली. आता आमच्याकडे येणारी मुलं वेगळी आहेत. मुदतीआधी जन्मून आठवडेच्या आठवडे व्हेंटिलेटरवर राहिलेली आणि त्यामुळे स्वरयंत्राखाली श्वासमार्ग आक्रसलेली बाळं. क्षयाच्या मेंदुज्वरातून वाचलेली पण शुद्धीवर न आलेली मुलं. गोवरानंतर काही वर्षांनी एसएसपीई हा मेंदूचा आजार उद्भवलेली शाळकरी मुलं. डोक्याला मार लागलेली. जीबीएस या नसांच्या आजाराने हातपाय आणि श्वास दोन्ही गमावलेली. 2025च्या सुरुवातीला पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएसची साथ आली तेव्हा हा आजार घराघरांत माहीत झाला. आमच्या आयसीयूत तो त्याआधीही होताच.

अशा मुलांच्या नळीतून रक्त येणं नवलाचं नाही. बहुतेक वेळा ते साधंच असतं. सक्शनचा कॅथेटर खोल गेला, आतलं अस्तर खरवडलं गेलं, हवेत ओल नाही म्हणून खपली धरली आणि ती निघाली, नळीच्या टोकापाशी मांसाचा कोंब आला, जंतुसंसर्ग झाला. शस्त्रक्रियेच्या पहिल्या दिवशी-दोन दिवशी थायरॉइडच्या कडेतून किंवा गळ्याच्या पुढच्या शिरेतून रक्त झिरपतं, ते टाक्याने किंवा दाबून आटोक्यात येतं. हे सगळं खरं आहे, आणि अडचण नेमकी इथेच आहे. शंभरातल्या बहुसंख्य वेळा साधं असलेलं रक्त एखाद्या वेळी साधं नसतं, आणि सुरुवातीला दोन्ही सारखीच दिसतात.

ते साधं नसलेलं रक्त येतं इनॉमिनेट आर्टरीतून. हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या कमानीची ही पहिली फांदी. छातीच्या वरच्या हाडाच्या मागून ती श्वासनलिकेला पुढून आडवी ओलांडते, डावीकडून उजवीकडे, आणि मग उजव्या हाताला आणि मेंदूच्या उजव्या बाजूला रक्त पुरवते. लहान मुलांत ती मोठ्यांपेक्षा वर, कधी कधी थेट मानेपर्यंत येते. म्हणजे नळीचं टोक किंवा तिचा फुगवलेला कफ आणि ही धमनी यांच्यामध्ये श्वासनलिकेची पुढची भिंत एवढंच काय ते असतं. नळी नको तितकी खाली बसली, कफमध्ये हवा जास्त राहिली, मुलाचं अंग धनुकलीसारखं मागे वळत असलं किंवा पाठीचा कणा वाकल्याने श्वासनलिकाच तिरकी झाली असली, तर टोक त्या भिंतीवर दिवसरात्र घासतं. प्रत्येक ठोक्याला पलीकडून धमनी त्याच जागी आपटत असते. भिंत झिजते, मग धमनीची झिजते.

हे शेकड्यात एकापेक्षाही कमी जणांना होतं. झालं आणि शस्त्रक्रिया झाली नाही तर जवळजवळ कुणीच वाचत नाही. जर्मन सर्जन कोर्टे यांनी घटसर्पाच्या मुलांमध्ये ट्रॅकिओटॉमीनंतर होणाऱ्या दुर्मीळ गुंतागुंतींवर लिहिलं ते 1879 मध्ये, आणि या रक्तस्रावाची नोंद तेव्हापासूनची मानली जाते. यातली बरीच प्रकरणं पहिल्या तीन-चार आठवड्यांत घडतात. मात्र ज्या मुलांचं शरीर ताठ होतं, वाकतं, त्यांच्यात ते काही महिन्यांनी, काही वर्षांनीही घडू शकतं. आणि जवळपास निम्म्या रुग्णांत मोठ्या रक्तस्रावाआधी एक छोटा होतो. चमचाभर, वाटीभर, कधी नुसता सक्शनच्या नळीत लाल धागा. मग तो थांबतो. छिद्रावर गुठळी बसलेली असते म्हणून. ती गुठळी किती वेळ टिकेल, तासभर की चार दिवस, हे कुणाच्याच हातात नाही. आमच्या हातात असतो तो फक्त मधला वेळ.

बीड जिल्ह्यातली एक अकरा वर्षांची मुलगी आमच्याकडे होती. आईवडील ऊसतोडीला जाणारे. पोरीला क्षयाचा मेंदुज्वर झाला, निदानाला उशीर झाला, आणि ती वाचली तरी तिचं शरीर तिच्या ताब्यात राहिलं नाही. दिवसातून कित्येकदा मान मागे, पाठ कमानीसारखी. ट्रॅकिओस्टॉमीला दुसरा आठवडा चालू होता. पहाटे सक्शन करताना आईला रक्त दिसलं. रात्रपाळीच्या सिस्टरनी नळीचा कफ तपासला, आणखी एकदा सक्शन केलं, तर पांढरा बेडकाच आला. रक्त थांबलं होतं.

त्या सिस्टरनी दोन गोष्टी केल्या. रक्ताने भिजलेला गॉज फेकला नाही. किडनी ट्रेमध्ये ठेवून वरून दुसऱ्या गॉजने झाकला आणि ट्रे पलंगाखाली सरकवला. मावशी सफाईला आल्या तेव्हा 'मॅडम बघेपर्यंत याला हात लावू नका' म्हणून बजावलं. आणि दहा सीसीची रिकामी सिरिंज पलंगाच्या डोक्याशी चिकटपट्टीने अडकवून ठेवली, कफ फुगवायची वेळ आली तर शोधाशोध नको. मी पोचले तेव्हा मुलगी झोपेत होती, मॉनिटरवर सगळं व्यवस्थित, बाहेरून कुणी पाहिलं असतं तर म्हटलं असतं, एवढी धावपळ कशाला. आई मला म्हणाली, "मॅडम, पहाटं नळीतून लाल आलतं. आता न्हाई." मग थोडं थांबून, "पण ते नेहमीसारखं नव्हतं. गरम होतं."

या शेवटच्या शब्दावर मी अजून विचार करते. सक्शनने खरवडलेल्या अस्तराचं रक्त बेडक्यात मिसळलेलं, गुलाबी, तारेसारखं येतं. तिने हातमोज्यातून ऊब जाणवावी असं रक्त पाहिलं होतं. कुठल्याही पुस्तकातल्या लक्षणांच्या यादीत हे नाही, आणि एका आईच्या शब्दावर निदान करता येत नाही, हेही मला कळतं. तरी ट्रेमधला गॉज आणि तो शब्द यांनी माझा निर्णय पक्का केला. पलंगापाशी नळी काढून बघायची नाही. गुठळी हलली तर तिथे आमच्याकडे करण्यासारखं फारच थोडं उरतं. बघायचं ते ऑपरेशन थिएटरमध्येच, छाती उघडायची सगळी तयारी ठेवून.

ब्लड बँकेला फोन, क्रॉसमॅच, दोन जाड सलाइन लाइन. मुलाच्या अंगात किलोमागे साधारण 75 ते 80 मिलिलिटर रक्त असतं. दहा किलोच्या बाळात सगळं मिळून 800 मिलिलिटर, म्हणजे दुधाच्या अर्ध्या लिटरच्या दोन पिशव्यांहूनही कमी. हा आकडा मी रेसिडेंटना वारंवार सांगते, कारण मोठ्या माणसांच्या वॉर्डात काम केलेल्याला 'शंभर मिली गेलं' हे काहीच वाटत नाही. शिवाय या रक्तस्रावात मूल रक्त गेल्याने मरण्याआधी रक्त फुप्फुसात उतरल्याने गुदमरतं. म्हणून पहिली काळजी श्वासाची, दुसरी धमनीची.

कार्डिओथोरॅसिक सर्जन आले. भूलतज्ज्ञ मॅडमनी रक्तदाबाचा पट्टा डाव्या हाताला बांधायला सांगितला, आणि ऑक्सिजनचा एकेक प्रोब दोन्ही हातांच्या बोटांना. उजव्या हाताचा रक्तपुरवठा कदाचित आम्हीच बंद करणार होतो. नळीतून बारीक स्कोप आत घातला. टोकाच्या जरा पलीकडे पुढच्या भिंतीवर रुपयाएवढीही नाही अशी एक काळपट जागा होती, मधोमध गुठळी, आणि ती गुठळी नाडीबरोबर हलत होती. जागा नीट दिसावी म्हणून नळी किंचित मागे घेतली आणि पडदा लाल झाला.

मग कसं वागायचं हे ठरलेलं असतं, पण ते ठरलेलं हातात असावं लागतं. कफ आणखी फुगवला. रक्त कमी झालं, थांबलं नाही. भूलतज्ज्ञांनी तोंडातून सहा नंबरची कफवाली ट्यूब स्वरयंत्रापर्यंत आणून ठेवली होतीच. मी गळ्यातली नळी काढली, त्यांनी तोंडाची ट्यूब खाली सरकवून छिद्राच्या पलीकडे नेली, कफ फुगवला, फुप्फुसं सुरक्षित झाली. मी गळ्याच्या छिद्रातून तर्जनी घातली, श्वासनलिकेच्या पुढून, छातीच्या हाडाच्या मागे, खाली. बोटाच्या टोकाला धमनी लागते तेव्हा शंका राहत नाही. ती पुढे ओढून हाडाच्या मागच्या पृष्ठभागावर दाबून धरायची. 1972 मध्ये अटली आणि सहकाऱ्यांनी ही युक्ती लिहिली आणि आजही त्या क्षणी तिच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही.

एकदा बोट तिथे गेलं की ते निघत नाही. माझ्या हातावरूनच सिस्टरनी बेटाडिन लावलं, माझ्या मनगटाभोवतीच हिरवे कपडे पसरले. छातीचं हाड मधोमध कापलं जात होतं आणि त्याची थरथर मला कोपरापर्यंत जाणवत होती. थोड्या वेळाने बोट बधिर होतं, आपण दाबतोय की नुसतं टेकवलंय हे कळेनासं होतं; मग मॉनिटरकडे बघून दाब राखायचा. कार्डिओथोरॅसिक सरांनी धमनीच्या दोन्ही बाजूंना क्लॅम्प लावला आणि शांतपणे म्हणाले, "मॅडम, आता सोडा." उजव्या बोटाच्या प्रोबची लाट सपाट झाली. डावीकडची तशीच चालू होती. मेंदूच्या तळाशी रक्तवाहिन्यांचं एक कडं असतं, त्यातून डावीकडचं रक्त उजवीकडे पोचतं. बहुतेक रुग्णांना, विशेषतः मुलांना, ही धमनी बांधलेली सोसते ती त्या कड्याच्या जोरावर. कृत्रिम नळीचा तुकडा तिथे बसवण्याचा मोह टाळायचा असतो, कारण जागा जंतूंनी भरलेली असते आणि तो पुन्हा फुटतो. सरांनी धमनी तोडून दोन्ही टोकं चांगल्या भागात शिवली. मुलांत थायमस ग्रंथी चांगली भरलेली असते. तिचा एक भाग वळवून धमनीचं टोक आणि श्वासनलिका यांच्यामध्ये भिंत म्हणून लावला.

तिसऱ्या दिवशी तिचा उजवा तळवा डाव्याइतकाच गरम होता. आईने दोन्ही तळवे आपल्या गालाला लावून खात्री केली. मुलगी पुढे नळीसकट घरी गेली. मेंदुज्वराने जे नेलं ते परत आलं नाही, आणि कुणी तसं आश्वासन तिला दिलंही नव्हतं. पण पोर घरी गेली.

सगळ्यांचं असं होत नाही. एका बाळाला आमच्याकडे आणलं तेव्हा अँब्युलन्समध्येच सगळं संपलं होतं. सोबतच्या कागदांवर आधीच्या आठवड्यात दोनदा रक्त आल्याची नोंद होती. दोन्ही वेळा पुढे लिहिलं होतं, 'सक्शनमुळे इजा. थांबलं.' ते ठिकाण कुठलं हे इथे महत्त्वाचं नाही; तशा नोंदी मी अनेक ठिकाणच्या कागदांवर पाहिल्या आहेत. लिहिणारा कुणी बेपर्वा नसतो. त्याच्याकडे हृदयाची शस्त्रक्रिया करणारं कुणी नसतं, स्कोप नसतो, आणि साध्या कारणाचं नाव लिहिलं की मन थोडं हलकं होतं. माझा राग त्या माणसावर नाही. राग आहे तो अशा मुलांना नळी बसवून घरी पाठवताना पुढचा रस्ता कुठे जातो हे आधी न ठरवण्यावर. गडचिरोलीतून किंवा परभणीतून छाती उघडू शकणाऱ्या थिएटरपर्यंतचं अंतर दुसऱ्या रक्तस्रावानंतर कापता येत नाही. पहिल्यानंतर येतं. म्हणून ट्रॅकिओस्टॉमीच्या तिसऱ्या दिवसापासून सहा आठवड्यांपर्यंत आलेलं कुठलंही रक्त, थांबलं तरी, धमनीचंच समजायचं आणि तसं नाही हे सिद्ध होईपर्यंत मुलाला हलवायची तयारी करायची. गाडीत कफवाली नळी, सिरिंज, दोन चालू लाइन, सोबत रक्त, आणि कुठे बोट दाबायचं हे माहीत असलेला एक माणूस.

बाळांमध्ये तर बोटाचा मार्गही बंद असतो. सहा महिन्यांच्या मुलाच्या गळ्यातल्या छिद्रात माझ्या करंगळीचं टोकसुद्धा जात नाही. त्यात त्यांच्या नळ्यांना बहुधा कफच नसतो, कारण एरवी कफ नसलेलाच बरा. म्हणजे मोठ्यांच्या पुस्तकातली पहिली पायरीच नाही. आमच्या आयसीयूत आता अशा प्रत्येक बाळाच्या डोक्याशी एक पारदर्शक पिशवी टांगलेली असते: त्याच मापाची नळी, एक माप लहान नळी, आणि तोंडातून घालायची कफवाली बारीक ट्यूब, सिरिंजसह. रक्त आलं तर ती ट्यूब आत घालून कफ रक्तस्रावाच्या जागेवर किंवा तिच्या खाली आणायचा. त्यावर भरवसा ठेवता येत नाही, पण थिएटरपर्यंत पोचायला कधी कधी तेवढं पुरतं. पाळी बदलताना सिस्टर एकमेकींना बाळ देतात तेव्हा ही पिशवी उघडून मोजून देतात.

खरं सांगायचं तर नळी असलेल्या मुलांना रक्तापेक्षा कितीतरी जास्त धोका नळी तुंबण्याचा किंवा निसटण्याचा असतो. घरी जाण्याआधी आईवडिलांना आम्ही आठवडाभर शिकवतो त्यातला मोठा भाग त्याचाच. पण रक्ताची गोष्टही त्याच शिकवणीत येते, कारण रोजचं सक्शन जपून झालं तर साधं रक्त येत नाही, आणि साधं रक्त येईनासं झालं की खरं रक्त ओळखू येतं. कॅथेटर नळीच्या टोकापलीकडे जेमतेम अर्धा सेंटिमीटर जावा, त्याहून खोल नाही. मशीनचा दाब 100 मिलिमीटरच्या आसपास. एका शिवणकाम करणाऱ्या आईने घरी पलंगामागच्या भिंतीवर बॉलपेनने रेघ मारून ठेवली होती. प्रत्येक कॅथेटर उघडला की आधी रेघेला लावायचा, तिथे अंगठ्याची चिमूट धरायची, चिमूट नळीच्या तोंडाशी आली की थांबायचं. तिच्या गावी भेटायला गेलेल्या आमच्या सिस्टरनी त्या भिंतीचा फोटो आणला, आणि वॉर्डात आता शिकवताना तो दाखवतात.

आईवडिलांना किती सांगायचं यावर आमच्यात मतभेद आहेत. काही सहकारी म्हणतात, इतक्या दुर्मीळ गोष्टीने त्यांना घाबरवू नये, आधीच ते झोपत नाहीत. मला हे पटत नाही. मी सांगते: रंग लाल भडक असेल, बेडक्यात न मिसळता आलं असेल, किंवा नळी नाडीबरोबर हलताना दिसत असेल, तर थांबलं तरी निघा. निघताना फोन करा. भीती त्यांना आधीपासून असतेच. निदान कशाला भ्यायचं ते कळतं. पहाटे तीनला एखादी आई फोन करते, साधी खपलीच निघते, ती ओशाळून माफी मागते. तिला परत पाठवताना मी दर वेळी सांगते की पुढच्या वेळी असाच फोन करा, आणि ड्यूटीवरच्या रेसिडेंटलाही तिच्यासमोरच सांगते.

सध्या एका मुलाबद्दल आमचा निर्णय व्हायचा आहे. चौदा वर्षांचा, स्नायूंच्या आजाराने बसलेला, कणा इतका वाकलेला की छातीचं हाड आणि मणका यांच्यातली जागा चेंगरून गेली आहे. त्याच्या सीटीत धमनी श्वासनलिकेला टेकलेली आहे आणि नळीचं टोक बरोबर तिच्या मागे येतं. अशा मुलांमध्ये रक्त येण्याआधीच धमनी बांधून टाकावी, हा विचार जपानमधल्या सर्जननी बऱ्याच रुग्णांत अमलात आणला आहे. आमचे कार्डिओथोरॅसिक सर त्या बाजूचे. मला वाटतं, आधी नळी बदलून बघावी. वडील विचारतात, "आज काहीच होत नाही, तर छाती का उघडायची?" प्रश्न रास्त आहे. तूर्त लांबी कमी-जास्त करता येणारी नळी बसवून टोक धमनीच्या वर आणलं आहे, आणि दर आठवड्याला स्कोपने भिंत तपासतो. पुढची तपासणी गुरुवारी आहे. त्या दिवशी वडिलांना आत बोलवायचं, पडद्यावर ती जागा दाखवायची, आणि मग सगळ्यांनी बसून ठरवायचं, असं मुलाशी बोलून ठरलं आहे. त्याने स्वतःही पडदा बघायला मागितला आहे.